एका लुगड्यातल्या दोघी

ठिगळ

ठिगळ गुडघ्याच्या जरा वर होतं. हिरव्या लुगड्यावर गादीच्या खोळीचं, निळ्या पट्ट्यांचं, हातभर लांब. तिसगावात तसं दुसरं नव्हतं.

लुगडं बिस्मिल्लाचं. तिची सून सकीना, तिचंही तेच. जी बाहेर जाई ती लुगडं नेसे. जी घरात राही ती वाकळ गुंडाळून चुलीपाशी बसे आणि दाराला आतून कडी घाले. वाकळ म्हणायचं एवढंच. उजेडात धरली तर पलीकडचा माणूस ओळखू येई.

घर पिंजाऱ्याचं. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या. लढाई आली आणि कापड कंट्रोलात गेलं. कापड नाही म्हणून खोळ नाही. खोळ नाही म्हणून गादी नाही. गादी नाही म्हणून पिंजाऱ्याला काम नाही. काम नाही म्हणून पिंजाऱ्याच्या घरात कापड नाही. लढाई संपली तरी हे वाक्य संपलं नाही.

बिस्मिल्लाचा मुलगा, सकीनाचा नवरा नूरुद्दीन, पिंजायची कमान खांद्यावर टाकून शेवगावकडं गेला त्याला पाच महिने झाले होते. तिकडं अजून कुणी गाद्या भरून घेतं, असं त्यानं ऐकलं होतं.

त्या साली पाऊसही झाला नाही. सरकारनं पाथर्डीच्या वाटेवर खडी फोडायचं काम काढलं. येईल त्या बाईला रोज मिळे. घरात बाया दोन, पण रोज एकीचाच. एक दिवस सासू, एक दिवस सून. जी घरात बसे तिचे हात रिकामे आणि पोट तेवढंच.

मग दवंडी झाली. नगरहून कारकून येणार, माणसं बघून यादी करणार. यादीतल्या दर बाईमागं एका लुगड्याचा परवाना. ज्यानं त्यानं चावडीवर स्वतः यायचं. दिवस मावळला की यादी बंद.

पदर

"आधी मी जाते. लिवून येते. मंग तू जा," बिस्मिल्ला म्हणाली.

"अम्मा, लुगडं तर ह्येच."

"मंग? त्याला काय म्हाईत आपल्या घरात किती लुगडी हायती. पदर हनुवटीखाली वढायचा. नाव सांगायचं. यायचं."

दोघींना त्यात काही वावगं दिसलं नाही. आठवड्यातून तीन-तीन दिवस त्या तेच करत होत्या.

चावडीत कारकुनाचं टेबल. शेजारी खुर्चीवर काकासाहेब, गावातली चांगली जमीन ज्यांची ते. पहिली नावं त्यांच्या घरची लागली. घरातून कुणी आलं नव्हतं.

"आमच्यातल्या बाया चावडीवर येत न्हाईत, साहेब. मी सांगतो, तुमी लिवा."

कारकुनानं लिहिलं. सात. त्यात गेल्या साली पैठणला दिलेली मुलगी होती आणि पाळण्यातली एक. कारकुनानं मान वर केली नाही. मोठ्या घरचं दार बंद असणं हाच तिथं पुरावा होता.

मग पायरीवरची रांग. बिस्मिल्लाची पाळी आली.

"नाव?"

"बिस्मिल्ला."

"नवऱ्याचं?"

नवऱ्याचं नाव तिनं ते असतानाही कधी घेतलं नव्हतं. रांगेच्या शेपटाकडून शेजारीण रंगुबाई म्हणाली, "अल्लाबक्ष. वारलं ते."

लिहिलं. बिस्मिल्ला घरी गेली. कडी काढली, कडी घातली, लुगडं फेडलं. सकीनानं नेसलं तेव्हा ते अजून कोमट होतं.

मधला भाग

"ही मघाशी येऊन गेली," कारकून म्हणाला.

"ती माझी सासू."

"लुगडं तेच आहे."

"व्हय. लुगडं त्येच हाय."

रांग हसली. कारकून हसला नाही. त्यानं टाकाच्या टोकानं निळ्या पट्ट्यांचं ठिगळ दाखवलं. "हे मी विसरेन काय?"

काकासाहेब म्हणाले, "साहेब, पिंजारी कापूस एकदा पिंजत न्हाईत. दोनदा पिंजत्यात. तशीच ही यादी."

आता सगळेच हसले. हसणाऱ्यांत अंगावर धड धोतर नसलेलेही होते.

सकीनानं पदर मागं घेतला. एवढ्या पुरुषांत तिनं तोंड उघडं टाकायची ती पहिलीच वेळ. एकोणीस वर्षांचं तोंड. "बगा. मी सून हाय."

कारकुनानं पाहिलं. नीट पाहिलं. मग म्हणाला, "बाई, तुझं तोंड दिसलं. तिचं मी कुठं पाहिलंय? मघाची तूच नव्हतीस कशावरून?"

"तिचं हात म्हातारं हायती. हात तर बघितलं आसतील."

"तुझे दाखव."

तिनं हात पुढं केले. खडी फोडलेले हात. ते कुठल्याही वयाचे होते.

"या घरात दोन बाया आहेत, असं कुणी सांगणार आहे का?" कारकुनानं विचारलं.

सगळ्यांनी काकासाहेबांकडं पाहिलं. पैठणच्या मुलीच्या लग्नात नूरुद्दीननं त्यांच्याच अंगणात आठ दिवस कापूस पिंजला होता. बिस्मिल्ला आणि सकीना तिथंच शेजारी शेजारी बसून गाद्या शिवत होत्या. दोन सुया, दोन बाया. काकासाहेब त्यातल्याच एका गादीवर रोज झोपत.

पण गावाला लुगडी ठरलेली येणार होती. एक नाव खाली वाढलं की वरचं एखादं कापलं जाणार.

"आमाला काय ठावं?" काकासाहेब म्हणाले. "पिंजाऱ्याच्या घरात आमी कवा जातोय?"

रंगुबाई सकीनाला रांगेत आपल्या पुढं घेऊन मागंच उभी होती. तिनं बोलायला तोंड उघडलं. तिचं नाव अजून लागायचं होतं. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

कारकून वाईट नव्हता. त्याला एक तोड सुचली आणि सुचल्याचा त्याला आनंदही झाला. "असं करा. दोघी एकदम या. शेजारी शेजारी उभ्या राहा. दोन लिहितो. दिवस मावळायच्या आत."

नऊ वार

सकीनानं घरी येऊन सासूला सांगितलं. बिस्मिल्ला वाकळीत बसली होती.

रंगुबाई परत येताना सकीनानं तिला दारातून हाक मारली. "रंगुमावशी, घटकाभर तुमचं लुगडं द्या. उभं राहून येतो."

"आगं, माझं नाव आत्ता कुठं लागलंय. त्यानं माझं लुगडं वळखलं तर माझंबी खोडंल. आन् मी काय नेसू तवर? माझं तरी कुठं दुसरं हाय?" ती दोन पावलं गेली, परत आली. "मला शिव्या दे, पर मागू नगस."

अंगणातलं ऊन कौलांवर चढलं होतं.

"अम्मा, तुमचं तर लागलंय. माझं राहू द्या."

"मी किती दिवस? उद्या मी मेले तर माझं नाव जाईल, मंग ह्या घरात यादीपुरतं कोन? कोनीच न्हाई." बिस्मिल्ला उठली. कोनाड्यातली गाद्यांची कात्री आणली. "ते टोक धर."

"ह्येच एक हाय, अम्मा."

"धर म्हनते."

कात्री फक्त काठाला लागली. पुढं लुगडं आपण होऊन फाटत गेलं. आवाज बराच वेळ चालला. नऊ वारांचे साडेचार आणि साडेचार झाले. पदराकडचा भाग बिस्मिल्लाला. ठिगळाचा सकीनाला.

साडेचार वारांत डोकं झाकतं किंवा पाय. बिस्मिल्लानं डोकं झाकलं. सकीनानं पाय.

त्या भिंतीच्या कडेकडेनं गेल्या. वाटेत बायांनी तोंडं फिरवली. पुरुषांनी फिरवली नाहीत.

"हां," कारकून म्हणाला, "आता कसं? उगीच मघाशी वाद घातला." त्यानं बिस्मिल्लाच्या खाली सकीना लिहिलं. पान संपत आलं होतं. शेवटच्या ओळीवर तिचं नाव बसलं.

शिवण

सकाळी गादीच्या सुईनं त्यांनी दोन्ही भाग परत जोडले. दोरा जाड, कापड विरलेलं. जिथं टाका घातला तिथं टाक्याएवढं भोक पडलं. तरी लुगडं झालं.

तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी पाथर्डीच्या वाटेवर बिस्मिल्ला खडीची पाटी उचलायला वाकली आणि शिवण मधोमध, कमरेपासून, उसवत गेली. पाटी तिनं सोडली नाही, म्हणून तिला हात लावून धरता आलं नाही. रंगुबाईनं आणि आणखी तिघींनी तिच्याभोवती कडं केलं. त्या कड्यातच तिला दोन कोस चालवत घरी आणली. वाटेत बैलगाड्या थांबल्या. वाटेत कुणी काही बोललं नाही, ते एक.

दोघींनी पुन्हा शिवलं. पुन्हा उसवलं. दोन्ही अर्धे भागही आता जागोजाग विरले, एकीलाही नेसता येईना. आठवडाभर पिंजाऱ्याच्या घरातून कामावर कुणी गेलं नाही. मुकादमानं नाव कापलं. त्याचंही खरं होतं, हजेरीला माणूस लागतं.

परवाने मात्र आले. दोन. त्यावर नावं नीट लिहिलेली होती. ज्या दिवशी दुकानात कापडाची गाठ फुटली त्या दिवशी रंगुबाई ते दोन्ही परवाने घेऊन गेली. दुकानदारानं यादी वरून वाचली. काकासाहेबांची सात आधी गेली. पाळण्यातल्या मुलीचं लुगडं नोकरानं घडी करून काखेत घातलं. रंगुबाईला तिचं मिळालं.

"आन् ह्ये दोन. पिंजाऱ्याचं."

"ज्याचा परवाना त्यानं यावं."

"त्या कशा येतील? नेसायला काय हाय का त्यांच्याकडं? त्याचसाठी तर ह्यो परवाना."

"मावशी, मी नियम केला न्हाई. कुनाचाबी परवाना कुनीबी आनंल. त्यांना येऊ द्या."

नवं लुगडं नेसवून सकीनाला पाठवावं, हे रंगुबाईच्या मनात आलं. त्या दिवशीच आलं. पण नवं लुगडं पहिल्या दिवशी दुसऱ्याला देणं तिच्या हातून झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन दारात आली. तोवर गाठ संपली होती. पुढची कधी, दुकानदाराला माहीत नव्हतं.

तिच्या घरी भाकरी झाली तर अर्धी ती दाराच्या फटीतून आत सरकवी. झाली तर.

नूरुद्दीनचं काही कळलं नाही. शेवगावच्या बाजारात कुणीतरी कमान विकायला काढली होती, असं एक गाडीवान म्हणाला. कमानी सगळ्या सारख्याच दिसतात.

काठ

पुढच्या साली नवी मोजणी. कारकून दुसरा. हा घरोघर फिरत होता.

काकासाहेबांच्या दाराशी तो अंगणातच थांबला. दार लावलेलं. त्याला चहा मिळाला. त्यानं आठ लिहिली. एक वाढलं होतं.

पिंजाऱ्याच्या दाराशीही तो थांबला. दार लावलेलं.

"घरात कोण आहे?"

"दोघी," आतून आवाज आला.

"बाहेर या."

आत एक वाकळ होती आणि लुगड्याचे दोन तुकडे, जे आता तुकडेही म्हणवत नव्हते. म्हातारी आता फारशी उठत नसे. सकीना दाराला खांदा लावून उभी होती.

"साहेब, तुमी लिवा. दोघी हाओत. सासू हाय, सून हाय."

"आवाज एकीचाच येतोय. बाहेर या, बघू द्या, लिहितो."

"मागल्या खेपेला लिवल्यात. दोन्ही नावं हायती त्यात. बगा."

"ती यादी जुनी झाली."

तो बिडी संपेपर्यंत थांबला. तेवढं तर त्यानं केलंच. मग वही मांडीवर घेतली.

घर: पिंजारी
दार: आतून बंद
माणसं: दिसली नाहीत

त्याची पावलं पुढच्या घराकडं गेली. आत सकीनानं अंधारात हात फिरवून कडी नीट बसली आहे ना, ते पाहिलं.