गप्प बसलं की इतिहास

आमच्या रेडिओ केंद्रावर कोणी गप्प बसलं की इतिहास लागतो. टेबलाखाली एक पेटी आहे. चार श्वास शांतता झाली की तिला वाटतं केंद्र बंद पडलं, आणि ती आपणहून बाबांची जुनी टेप सुरू करते. "नमस्कार! आपलं हे केंद्र सुरू झालं पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत. पहिल्या बातम्या आम्ही दिल्या, पण लोकांना ऐकू आली ती गिरणी!" मग बाजारभाव, हरवलं-सापडलं, दुपारच्या गप्पा असं एकेक कसं वाढत गेलं ते बाबा हसत हसत सांगतात. मध्येच थांबवायचं तर पिन उपटावी लागते, आणि पिन लोखंडी कपाटामागे आहे.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. टेप राहिली. तेव्हापासून बाबा घरी गप्प असतात आणि केंद्र गप्प झालं की बोलतात.

दुपारचा 'मोकळं बोला' हा कार्यक्रम ताई करते. लोकांनी फोनवर अडचण सांगायची, ताईने सल्ला द्यायचा. स्वतःच्या नवऱ्याशी तिचं पटत नाही, पण इतरांच्या नवऱ्यांचा तिचा अभ्यास दांडगा आहे. फोन उचलून आत जोडून देणं माझं काम. फोन इतके कमी येतात, की मी राँग नंबरही आत पाठवतो. गेल्या आठवड्यात गॅस सिलिंडर मागवायला फोन केलेल्या एका गृहस्थांनी सासूबद्दल मन मोकळं केलं. शेवटी सिलिंडरचं विसरलेच.

त्या दुपारी फोन वाजला. पलीकडे कोणी बोलेना. मी नेहमीप्रमाणे आत पाठवला.

"बोला, सगळे ऐकतायत," ताई म्हणाली. "आधी घरातला रेडिओ बारीक करा."

तिकडे नुसता श्वास, आणि मागे मोठ्याने लावलेला आमचाच रेडिओ.

"लाजू नका. नवऱ्याबद्दल आहे का?"

श्वास. ताईही थांबली, कारण समोरच्याला वेळ द्यावा असं तिने एका पुस्तकात वाचलं होतं. पेटीने ते पुस्तक वाचलेलं नाही. इतिहास लागला.

मी लाइन तोडणार, तेवढ्यात काचेपलीकडून ताईने हात वर केला. दुसऱ्या हाताने हेडफोन कानावर दाबून धरला होता.

"थांब! काठी वाजली."

घरी बाबा काठीने बोलतात. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"बाबा?"

टक.

वर्षभरात बाबांनी फोनला हात लावला नव्हता. पण हा नंबर त्यांनी वीस वर्षं रेडिओवरून सांगितला होता. डाव्या हाताच्या बोटांत कुठेतरी उरला असणार.

"तुम्हाला त्रास होतोय?"

टक टक.

"आईला?"

टक.

"पडली का?"

टक. मग टक टक टक टक, थांबेचना. हे आमच्या ठरलेल्यात नव्हतं.

आणि त्याच वेळी रेडिओवर बाबा सांगत होते, "मग श्रोतेहो, आम्हाला पहिलं पत्र आलं. तक्रारीचं!" आणि खो खो हसत होते.

शेजारच्या काकूंचा नंबर आमच्याकडे नव्हता. भिंतीला भिंत, नंबर कशाला हवा? पण काकू दिवसभर आमचं केंद्र लावतात. आमची तेवढीच एक श्रोता खात्रीची. मी कपाटाला खांदा लावला. ते हललं, माझा खांदाही हलला. पिन उपटली, बाबा अर्ध्या शब्दात थांबले.

ताईने माइक ओढला. "काकू, ऐकत असाल तर आमच्या घरी पळा. आई पडलीय. किल्ली तुळईच्या खिळ्याला आहे, दाराच्या वर, डावीकडे."

आमची किल्ली कुठे असते ते अशा रीतीने सगळ्या शहराला कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. बाथरूमचं दार उचकटलेलं. आई ओल्या फरशीवर, अंगावर काकूंची चादर, पाय नको त्या दिशेला वळलेला. बाबा दाराशी स्टुलावर, मांडीवर अजून फोन.

"आतून कडी होती रे," काकू म्हणाल्या. "रेडिओ ऐकून प्लंबर धावत आला म्हणून बरं. हे एका हाताने दार ढकलत बसले होते."

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती हसत होती. तिने माझी बाही धरली.

"अरे, हे बोलले!"

"कोण?"

"कोण काय, तुझे बाबा! मी आतून ओरडतेय, आणि बाहेरून यांचा आवाज. शब्द कळेनात, पण आवाज यांचाच. चांगला खणखणीत. हसलेसुद्धा! म्हटलं, पाय गेला तर गेला."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे. काकू प्लंबरकडे बघू लागल्या, आणि त्याने आपली हत्यारं पिशवीत भरायला घेतली. शहरभराला सल्ले देणारी माझी बहीण आईच्या अंगावरची चादर नीट करू लागली.

"अहो," आई बाबांना म्हणाली, "बोला ना परत. पोरांना ऐकू दे."

बाबांनी तोंड उघडलं. घरातली सगळी माणसं वाट बघत उभी राहिली.

"आई, पाय हलवू नकोस," मी म्हणालो. ती हलवत नव्हती. "स्ट्रेचर येईल आता. जिना अरुंद आहे, पण येईल. साबण कोणता आणलास गं हा? किती निसरडा. आणि ही चादर छान आहे, काकू, कुठून घेतलीत?"

काकूंनी दुकान सांगितलं. मी भाव विचारला. मग रंग पक्का आहे का विचारलं. ताईने बाबांच्या मांडीवरचा फोन हळूच उचलून घेतला, आणि मी बोलतच राहिलो.