कामाचे स्वरूप: तिकिटे देणे

परवाना कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "कॅप्टनच्या लेखी परीक्षेत ब्याऐंशी मार्क आहेत तुम्हाला. पण बोट चालवायचा अनुभव शून्य दिवस."

"शून्य?" छोटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचेचाळिशी गाठली तरी घरात ती छोटीच होती.

बाईंनी रकाना दाखवला. बोटीचा कॅप्टन असलेल्या थोरल्या भावाच्या मोठाल्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: कामाचे स्वरूप, तिकिटे देणे.

"कॅप्टनच्या देखरेखीखाली सुकाणू धरलं असेल, तर तसं त्यांच्याकडून लिहून आणा. तेवढं पुरे. मुदत आज पाचपर्यंत."

तेवढं पुरे! सहा वर्षं दादाला वाट दाखवणारा समोरचा तरंगता बोया दिसत नव्हता. सहा वर्षं नदीच्या या काठावरून त्या काठाला माणसं नेत होती छोटी, आणि हा गृहस्थ टोपी घालून शेजारी खुर्चीत बसत होता. महिनाअखेरीस त्याचा परवाना संपला, की बोटीवर कोणी परका कॅप्टन येणार. मग छोटीने खरोखरच तिकिटं फाडत बसायचं!

धक्क्यावर पोचताच तिने कागद त्याच्यापुढे आपटला. "दादा, हे काय लिहिलंस?"

"मग काय लिहू? बहीण बोट चालवते आणि मी नुसता बसतो? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"म्हणून माझी सहा वर्षं गिळलीस?"

दादाने वर सुकाणूपाशी चढून इंजिन चालू केलं. अकराची फेरी भरत आली होती.

ठीक आहे. कागदावर तिकिटं, तर तिकिटं. छोटीने तिकिटांचा गठ्ठा घेतला आणि चढायच्या फळीजवळच्या स्टुलावर ठाण मांडलं. बोट धक्क्याला बांधलेला दोर काही तिने सोडला नाही. ते तिकीटवालीचं काम नव्हतं.

इंजिन नुसतंच धडधडत राहिलं. वरून हळूच हाक आली, "छोटे, बोया कुठंय गं?"

"मला काय विचारतोस? कॅप्टन तू!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

रोज याच फेरीने जाणारे मास्तर गोंधळले. "अहो ताई, तुम्ही खाली कशा? रोज तर बोट तुम्हीच नेता."

कोणी हसलं नाही. कोणाला नवलही वाटलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.

इंजिन बंद झालं. कठडा चाचपत दादा खाली आला. "आण तो कागद," म्हणाला. मास्तरांचं पेन घेऊन त्याने जुनी ओळ खोडली, सहा वर्षं सुकाणू धरले असं लिहिलं आणि सही केली. पाचला अजून वेळ होता. छोटीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. राग तसाच होता.

ती दोर सोडून वर निघाली, तर दादा तिच्या स्टुलावर बसलेला. तिकिटांचा गठ्ठा उलटसुलट करत होता.

"कुठून फाडायचं गं हे?"

"भोकांची रेघ आहे बघ," ती म्हणाली आणि थांबली. मग खाली वाकून तिने त्याचं बोट त्या रेघेवर ठेवलं. "दिसावं लागत नाही, दादा. हाताला कळतं."