देवळीमागची कपार

सूर्य अजून वर यायचा होता, तरी बातूर या ज्वालामुखी डोंगराच्या माथ्यावर पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती. शे-दीडशे परदेशी पाहुणे कड्यावर ओळीनं बसून उगवतीकडे फोन रोखून होते. न्योमान लानुस मात्र उगवतीकडे पाठ करून, हातात गोणी धरून, देवळीच्या ओट्यावरचा कचरा वेचत होता.

वेचताना त्याला शिसारी येत होती. अर्धवट खाल्लेल्या शेवयांचे पेले, त्यांत विझवलेल्या सिगारेटी. डोंगराच्या वाफेवर उकडलेल्या अंड्यांची टरफलं. खडकाआड तर बघवतच नव्हतं. तिथल्या ओल्या कागदी रुमालांचा वास गंधकाच्या वासातूनही नाकात शिरत होता. एका माकडाचं तोंड पेल्यात अडकलं होतं आणि चारजण त्याचे फोटो काढत खिदळत होते. देवळीच्या पायरीवर एक बाई बुटांसकट एका पायावर तोल सावरत उभी होती. तिच्या टाचेखाली कालचं चनांग चिरडलं होतं; नारळाच्या कोवळ्या पानांचं, फुलांनी भरून देवाला वाहिलेलं ते तबक.

"बाई, खाली उतरा. देव आहे तिथं."

"एकच मिनिट हं, सूर्य येतोय!"

न्योमानने दात आवळले.

"बेली, सकाळी सकाळी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?" रास्ती मागून म्हणाली. ती त्याची चुलत बहीण; त्याला बेली, म्हणजे दादा, म्हणायची. गेली सहा वर्षं ती पाहुण्यांना वाट दाखवायचं काम करत होती. तिनं वाफेतून काढलेलं अंडं त्याच्यापुढे धरलं. "खा, गरम आहे."

"तुझ्या पाहुण्यांना घाल. टरफल इथंच टाकायला सांग म्हणजे झालं."

"माझे पाहुणे टरफलं खिशात घालतात."

"हो, आणि खिसे इथं रिकामे करतात."

आज देवळीची पूजा होती. ती दोनशे दहा दिवसांनी एकदा येते. तळ्याकाठच्या मोठ्या देवळातलं तीर्थ घेऊन पुजारी, म्हणजे जेरो, स्वतः वर चढून येत होते. गेल्या गावसभेत न्योमानने एकट्यानं मागणी लावून धरली होती, की हा ओटा पाहुण्यांना कायमचा बंद करावा. कुणी साथ दिली नव्हती. जेरो तेवढे म्हणाले होते, "पूजेला येईन तेव्हा डोळ्यांनी बघेन. तू म्हणतोस तसं असेल तर सभेत मीच उभा राहीन." जेरोंचा शब्द गावात कुणी मोडत नाही. म्हणून न्योमान भरलेल्या गोण्या पायरीशी मांडून ठेवत होता.

"ओटा बंद केलास तर माझ्या पाहुण्यांनी सूर्य कुठून बघायचा? तुझ्या चुलीतून?" रास्तीनं विचारलं.

"त्यांना सूर्य नको असतो गं. सूर्याशेजारी स्वतःचं थोबाड हवं असतं."

तेवढ्यात तळ्यापलीकडून लाल कोर वर आली. माणसं ओरडली, शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. जणू सूर्यच आज नाच करून दाखवणार होता. त्या गलक्याला भिऊन माकड पेल्यासकट देवळीमागे पळालं. तिथल्या कपारीच्या तोंडाशी पेला घासून त्यानं आपली सुटका करून घेतली. पेला आत घरंगळला.

तो काढायला न्योमान पालथा पडला आणि त्यानं कपारीत हात घातला. हात गार, काळ्या रेंद्यात कोपरापर्यंत रुतला. त्यानं मूठ भरून बाहेर ओढली. पेला आलाच नाही. चकचकीत लाल कागद आले. चघळायच्या गोळ्यांचे. मग बिस्किटांचे पुडे, तीर्थाचे इवलेसे प्लास्टिकचे पेले, तबकांना टोचलेल्या, गंजलेल्या टाचण्या. तबकात गोळी आणि बिस्किट वेष्टनासकट ठेवायची रीत गावात कधी पडली, हे आता कुणाला आठवतही नव्हतं. न्योमान दर पंधरवड्याला झाडू घेऊन वर यायचा आणि जुनी तबकं या कपारीत लोटायचा. त्याचा बाप असंच करायचा, आजाही. पान कुजायचं, फूल कुजायचं, माती व्हायची. अकरा वर्षांत त्यानं एकदाही वाकून आत बघितलं नव्हतं.

त्यानं मूठ रास्तीसमोर उघडली.

"हे कुठल्या देशाचे पाहुणे म्हणायचे, बेली?" रास्तीनं विचारलं.

खालून घंटेचा आवाज आला. जेरो शेवटचं वळण चढत होते. कपारीशेजारी एक रुंद धोंडा पडला होता. कपार झाकायला एक धक्का पुरला असता. न्योमानने त्याला हात लावलाही. रेंद्यानं माखलेली बोटं दगडावर उमटली आणि त्याला स्वतःच्याच हाताची किळस आली. त्यानं हात मागे घेतला.

जेरो आले. डोक्यावरचा तीर्थाचा कलश त्यांनी खाली ठेवला नाही. अशुद्ध जागी तो ठेवत नाहीत. त्यांनी गोण्या पाहिल्या, पायरीवरची बाई पाहिली आणि मान हलवली. "तुझं खरं होतं, न्योमान."

"जेरो, इकडे मागेही बघा."

ते देवळीमागे आले. "हे कुणाचं?"

न्योमानने रेंद्यानं माखलेला हात पुढे केला.

"आपलं. मीच लोटलंय, अकरा वर्षं."

"यातली कितीतरी तबकं माझ्या हातानं वाहिलेली असतील," जेरो म्हणाले. "आता सभेत पाहुण्यांना बंदी घाला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

न्योमानला ते कळत होतं. ओटा हातचा गेला होता.

"आज पूजा नाही," जेरो म्हणाले आणि तीर्थ तसंच डोक्यावर घेऊन उतरू लागले.

"हा कुठला विधी आहे?" पायरीवरची बाई फोन उंचावत पुढे आली. "जरा परत हात घालता का आत?"

"नाक दाबून मागे उभ्या राहा," रास्ती तिला म्हणाली. मग तिनं कमरेला गुंडाळलेला सारोंग वर खोचला आणि न्योमानला कोपरानं ढकललं. "सरक. तुझा दंड जाड आहे, आत जायचा नाही."

ती खांद्यापर्यंत आत शिरली. न्योमानने दोन्ही हातांनी गोणीचं तोंड उघडं धरलं. सूर्य चांगला वर आला, पाहुणे उतरून गेले, तिसरी गोणी भरली, तरी तिच्या बोटांना खालचा दगड लागला नव्हता.