दुपारी तीनचे परके आकडे

मित्रांनो, संशय घ्यायला मी माणसांकडूनच शिकलो, आणि त्या शिक्षणाचा मला काडीचा अभिमान नाही. रक्त तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमधला मी जुना संगणक. पत्र्याचं अंग, पोटात घरघरणारा पंखा, आणि कपाळावर औषधाच्या थेंबाने उडालेला रंग. आज मी एका कपाटावर धूळ खात पडलो आहे. पण माझी गोष्ट धुळीची नाही, एका बाईवर आलेल्या आळाची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. लॅबच्या मालकीण डॉक्टरबाई, त्यांच्या नणंदेनं मला आपल्या जेवणाच्या टेबलावर जुळवलं. या नणंदबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. दाराला कुलूप लावून दहा पावलं गेल्या, की परत येऊन ते ओढून बघणाऱ्या. माझ्या आत एक गाभा आहे, जाणकार त्याला कर्नल म्हणतात. यंत्रानं काय ऐकायचं, कुणाशी बोलायचं, ते तिथं ठरतं. लोक तो तयार घेतात. नणंदबाईंचा तयार गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांनी तो स्वतः बांधायला घेतला.

कर्नल बांधताना शेकडो प्रश्न पुढे येतात आणि बहुतेकांना तीनच उत्तरं असतात: हो, नाही, किंवा लागेल तेव्हा. नणंदबाई दोन दिवस चष्मा पुसत उत्तरं देत बसल्या. ब्लूटूथ हवं का, म्हणजे आसपासच्या वस्तूंशी तारेवाचून बोलायचं का, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ठणकावून 'नाही' दाबलं.

महिन्याभरात डॉक्टरबाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"वन्सं, या कीबोर्डच्या वायरीत अडकून रक्ताच्या दोन नळ्या फुटल्या. मी बिनवायरचा आणलाय, तर तुमचं यंत्र त्याला ओळखच देत नाही."

"वहिनी, वायर दिसते तरी. हवेतून कोण आत येतंय ते दिसतं का?"

"इथं कोण येणारेय? आणि हे बघा, सकाळी यंत्र सुरू झालं की कीबोर्ड लगेच चालला पाहिजे. पेशंट ताटकळत असतात."

नणंदबाई कुरकुरत बसल्या आणि त्यांनी माझा गाभा नव्याने बांधला. ब्लूटूथ: हो. कीबोर्डला माझ्याशी जोडून त्याच्या नावापुढे 'विश्वासू' अशी खूण केली. याचा अर्थ असा, की हा कधीही आला तरी विचारायचं नाही, आत घ्यायचं.

मग माझी उमेदीची वर्षं आली. मी बारा वर्षं राबलो, आणि माझ्यासमोर बारा वर्षं सुईताई बसली. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही. लहान मुलं तिला सुईताई म्हणत, मग सगळेच म्हणू लागले. ती इतक्या हलक्या हातानं रक्त काढायची, की मुलं रडायचं विसरून "झालं?" असं विचारायची. तपासणीचा आकडा ती मोठ्यानं वाचायची, आपल्या वहीत लिहायची, टाइप करायची आणि पुन्हा वाचून पक्का करायची. मग दुसरी नळी उचलून, तिच्यावरची चिठ्ठी बघून, ती माझ्याकडे वळायची आणि पहिला रिपोर्ट छापायची. डॉक्टरबाई आल्यागेल्याला सांगत, "आमच्या लॅबमध्ये आकडा चुकत नाही." तेव्हा माझाही पंखा जरा जोरात फिरायचा.

पुढे लॅबमधल्या सगळ्या वस्तू औषधानं धुण्याचा नियम आला. बिनवायरचा कीबोर्ड धुता येईना. त्याच्या जागी धुता येणारा, वायरीचा, रबरी कीबोर्ड आला. जुना डॉक्टरबाईंनी आपल्या मावशीला दिला. मावशी लॅबच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहायच्या. त्यांना टॅबलेटवर काही लिहायचं असे. डॉक्टरबाईंनी माझ्या पडद्यावरचं ब्लूटूथचं चिन्ह काढून टाकलं आणि म्हणाल्या, "चला, ते प्रकरण मिटलं." चिन्ह तेवढं गेलं होतं. माझा गाभा होता तसाच होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पहिला परका आकडा आला. एका शिक्षिकेची साखर होती १०४. रिपोर्टवर छापलं गेलं ७१०४. ती हसत परत आली, "मी काय गुळाची ढेप आहे का?" सगळे हसले. सुईताई मात्र हसली नाही. तिनं वही काढून पाहिली. तिथं १०४च होते.

दुसरा आकडा हसण्यासारखा नव्हता. पाव भाजणाऱ्या एका भट्टीवाल्याची उपाशीपोटीची साखर ९२ होती, रिपोर्टवर २९२ गेली. त्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. चौथ्या दिवशी साखर एकदम उतरून भट्टीसमोर त्याला भोवळ आली आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

डॉक्टरबाईंनी सुईताईला समोर उभं केलं.

"हे का केलंत तुम्ही?"

"मी ब्याण्णवच टाइप केले, मॅडम. दोनदा वाचले. माझ्या वहीत बघा."

"वही काय, नंतरही लिहिता येते."

सुईताईनं वही मिटली. ती काही बोलली नाही. आणि न बोलणं हासुद्धा गुन्हाच असतो, मित्रांनो, एकदा संशय घ्यायचं ठरलं की.

डॉक्टरबाई आता तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसू लागल्या. सकाळभर त्या बसल्या, की एकही आकडा चुकायचा नाही. दुपारी तीनला त्या हॉस्पिटलच्या फेरीला गेल्या, की तासाभरात एखादा रिपोर्ट बिघडलेला असायचा. यातून त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. "मी असते तेव्हा सगळं सुरळीत. मी पाठ फिरवली की घोळ. याला काय म्हणायचं?" समोरच्या रस्त्याला नवी लॅब उघडली होती. सुईताई एकदा तिथल्या बाईशी बोलताना दिसली होती. तेवढं पुरे झालं. तिची पर्स उघडून बघितली गेली. तिची चहाची सुट्टी बंद झाली. बारा वर्षं "ताई, जेवलात का?" विचारणारी साफसफाईवाली मावशीसुद्धा तिच्याजवळ बोलायला कचरू लागली.

खोटं कशाला सांगू, मलाही तिचाच संशय आला. आकडे यायचे तेव्हा माझ्यासमोर तीच असायची. तिची बोटं कीबोर्डवर नाहीत, नळीवर आहेत, हे मला समजायला हवं होतं. पण सगळे एकीकडे बोट दाखवत असले, की आपलीही मान तिकडेच वळते.

एका शनिवारी डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." तिनं आपला पांढरा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि ती गेली.

सोमवारी नणंदबाईंना बोलावणं गेलं. डॉक्टरबाईंना माझ्यावर असं कुलूप हवं होतं, की त्यांच्याशिवाय कुणी आकडा बदलू शकणार नाही.

नणंदबाईंनी सगळी हकिगत ऐकली. "बाईला विचारलंत, ते समजलं. यंत्राला विचारलंत का?"

"यंत्र काय सांगणार, वन्सं?"

"ते कधीचं सांगतंय. तुम्ही ऐकलं नाही."

त्यांनी माझी रोजची नोंद उघडली. मित्रांनो, कोण आलं, कोण गेलं, हे मी सतत लिहीत असतो. लिहितो, पण वाचत नाही. वाचण्याचं काम माणसांचं. त्या नोंदीत दर दुपारी तीन ते चारच्या दरम्यान एकच ओळ होती: बिनतारी कीबोर्ड जोडला गेला. मिनिटभरात दुसरी ओळ: कीबोर्ड निघून गेला. भट्टीवाल्याच्या रिपोर्टच्या दिवशीही ती ओळ होती. शिक्षिकेच्याही.

नणंदबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "वहिनी, तो जुना कीबोर्ड कुठंय?"

"मावशीकडे. का?"

दोघी भिंतीपलीकडे गेल्या. काय घडलं ते नणंदबाईंनी परत आल्यावर मोठ्यानं सांगितलं, म्हणून मला कळलं. मावशी दुपारची झोप काढून तीनला उठत आणि विणकामाचे नमुने टॅबलेटवर उतरवून ठेवत. सात सुलट, दोन उलट, असे. त्या टाके मोजेपर्यंत टॅबलेट झोपी जायचा. मावशींनी पुन्हा कळ दाबली, की कीबोर्ड जागं कोण आहे ते शोधायचा. भिंतीअलीकडे मी जागाच होतो, आणि मला तर तो विश्वासू. सुईताईनं आकडा पक्का केला की माझी लुकलुकणारी रेघ त्याच्या डोक्याशी जाऊन थांबायची, आणि तिथं एखादा सात नाहीतर दोन येऊन बसायचा. अक्षरं त्या चौकटीत मावत नाहीत, ती गळून जायची. सुईताई नळीची चिठ्ठी वाचून वळायची आणि छापायची.

"मला वाटायचं, पहिले आकडे हा टॅबलेट खातो," मावशी म्हणाल्या होत्या. "म्हातारी मी, म्हातारं ते. मी आपली पुन्हा लिहायचे."

नणंदबाईंनी खुर्ची ओढली. "पहिली चूक माझी. मी 'हो' म्हटलं, विश्वासू म्हणून खूण केली, आणि नंतर ढुंकून पाहिलं नाही." संध्याकाळपर्यंत त्यांनी माझा गाभा पुन्हा बांधला आणि ब्लूटूथ मुळासकट काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता दोघी माझ्यापुढे श्वास रोखून बसल्या. भिंतीपलीकडे मावशी कळा दाबत होत्या. माझ्याकडे काही आलं नाही.

डॉक्टरबाई स्वतः सुईताईच्या घरी गेल्या. ती आली, पण कोट घातला नाही.

"चुकले मी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तुम्ही 'काय झालं' असं विचारलंच नाहीत, मॅडम. 'का केलंत' असं विचारलंत." मग तिनं महिन्याभरातल्या दुपारी तीन ते चारच्या रिपोर्टांची यादी मागितली. "या सगळ्यांना परत बोलवायचं. फोन मी करते."

सत्तेचाळीस माणसं परत आली. तिनं प्रत्येकाला खरी हकिगत सांगितली आणि रक्त घेतलं. शेवटी भट्टीवाला आला, उजव्या हाताला पट्टी गुंडाळलेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. मग डावा हात पुढे करता करता त्यानं तो मागे घेतला.

"कळलं मला, ताई. तुमचा दोष नाही. पण... डॉक्टरबाईंनाच घेऊ दे रक्त."

सुईताई बाजूला सरकली. डॉक्टरबाईंची दोनदा सुई चुकली. त्याच दुपारी सुईताईनं सगळ्यांचा निरोप घेतला. समोरच्या लॅबमध्येही ती गेली नाही. कुठं गेली, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, आमची धूळ पुसा, आमच्या नोंदी वाचा. पण मुख्य सांगणं हे नाही. चोर कोण, हे ठरवायची घाई झाली की थोडं थांबा. ज्याच्याकडे तुम्ही बोट दाखवणार आहात, त्याला आधी समोर बसवा आणि विचारा, काय झालं. तेवढा एक प्रश्न त्या खोलीत वेळेवर कुणी विचारला नाही. डॉक्टरबाईंनी नाही, साफसफाईवाल्या मावशीनं नाही, आणि सगळं लिहून ठेवणाऱ्या मीही नाही.