मागच्या आवारातली सळई

मी एक जुनी सळई आहे, मित्रांनो. घाबरू नका. माझं टोक अणकुचीदार असलं तरी मी आजवर कुणाला दुखवलेलं नाही. निदान जिवंत माणसाला तरी नाही.

पूर्वी मी दफनभूमीच्या फाटकाचा गज होते. फाटक मोडलं तेव्हा लोहाराने मला भट्टीत लालभडक केलं, ठोकून टोक काढलं, वर आडवी मूठ बसवली आणि खोदणाऱ्या काकांच्या हाती दिलं. नवा खड्डा खणण्याआधी काका मला जमिनीत दाबत. कडक लागलं तर जागा रिकामी. मी भसकन आत गेले, तर ती माती कधीतरी उकरलेली, म्हणजे खाली कुणीतरी निजलेलं. मग काका पुटपुटत, "माफ करा हं, चुकून दार वाजवलं," आणि पुढे सरकत.

"माणसं थापा मारतील, माझी सळई नाही," असं ते चारचौघांत सांगत. लोखंडाची असूनही मी फुलून जाई.

पुढे कचेरीतून नकाशा आला. रिकाम्या जागा कागदावरच दिसू लागल्या. मी अवजारांच्या खोलीत झाडूमागे पडले ती पडलेच. अंगावर गंज चढला, मुठीत कोळ्याने संसार थाटला.

एका दुपारी काकांनी मला अचानक बाहेर काढलं. भिंतीमागच्या आवारात गाड्या उभ्या करायला फरशी घालायची होती. नकाशावर तिथे 'मोकळी जागा' असं लिहिलेलं. पण एक म्हातारी मावशी वाटेतच बसून राहिली होती.

"माझी लेक आहे तिथे," ती म्हणाली. "नाव ठेवायच्या आधीच गेली. अशांची तेव्हा नोंद होत नव्हती, दगडसुद्धा बसवू देत नव्हते."

"मावशी, साठ वर्षं झाली," कचेरीतले साहेब म्हणाले. "सळई सांगेल ते ऐकायचं. कबूल?"

"कबूल."

काका दोन-दोन पावलांवर मला दाबत गेले. कडक. पुन्हा कडक. वारा पडला होता, एकही पाखरू बोलत नव्हतं. मला मात्र दोन्ही अंगांना, अगदी जवळ, कुणीतरी श्वास रोखून पडल्यासारखं वाटत होतं. पण माणसांना काही सांगायला मला तोंड कुठे?

नवव्यांदाही कडक लागलं. फरशीच्या कागदावर सही करायला साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मावशी ताडकन उठली. "अरे भल्या माणसा, मोठ्यांच्या मापाने काय शोधतोस? एवढीशी होती ती!" तिने कोपरापासून बोटांपर्यंतचा हात पुढे धरला.

काका ओशाळले. त्यांचं प्रत्येक पाऊल नेमकं निजलेल्यांच्या दोन ओळींमधल्या वाटेवर पडत होतं. आता ते हातभर बाजूला सरकले. भसकन! आणखी हातभर. भसकन! अख्खं आवार तसंच निघालं. इवल्या इवल्या जागा, एकीला लागून एक.

भिंतीजवळ मी आत गेले आणि बाहेर येईना. काकांनी ओढलं, साहेबांनी ओढलं. खालून माझं टोक कुणीतरी धरलं होतं. तान्हं मूल बोट धरतं ना, अगदी तसं.

मावशी खाली बसली. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "सोड गं राणी. आलेय मी."

मी अलगद सुटले.

साहेबांनी उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. "काका," ते दबक्या आवाजात म्हणाले, "मी आत कुठून आलो होतो हो?" काकांनी हात धरून त्यांना मधल्या वाटेने बाहेर नेलं. फरशीचा कागद साहेबांनी तिथेच फाडला. मावशी मात्र उठली नाही. अंधारून येईपर्यंत माती थोपटत राहिली.

आता काका मला दर आठवड्याला तेल लावतात. माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. कुठलीही जागा रिकामी म्हणण्याआधी जरा वाकून, लहानांच्या मापाने पाहा. आणि मागच्या आवारात कधी आलात तर चपला हातात घ्या, हळू चाला. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.