विचारायचं राहून गेलं

मी एक जुना लॅपटॉप आहे. मुळशी तालुक्यातल्या भरे गावात, रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका भाड्याच्या घरात, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझं वय बारा वर्षं. माणसांत बारा म्हणजे पोरवय, पण आमच्यात बारा म्हणजे काठी टेकायचे दिवस. बॅटरी केव्हाच गेली, त्यामुळे वायर काढली की मी जागच्या जागी मान टाकतो. झाकणाची एक बिजागरी मोडली आहे, म्हणून मागे जाड पुस्तक लावून मला उभं करतात. आणि माझ्या डोळ्यावर, म्हणजे कॅमेऱ्यावर, पहिल्या दिवसापासून जखमेला लावायची चिकटपट्टी आहे. तेव्हा मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पडदा एका देशातून आला, कळा दुसऱ्या, आणि स्क्रू कुठले ते मलाही ठाऊक नाही. पुण्याच्या एका दुकानातून मला नरहरींनी आणलं. ते मूळचे परभणीचे, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला. घरी आणल्या आणल्या त्यांनी माझ्या पोटातलं सगळं पुसून टाकलं. ज्यांनी मला बनवलं त्यांनीच माझ्यात चहाड्या करणारी मंडळी बसवून दिली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी माझ्यात एक मोफत प्रणाली घातली, जिचा आतला मजकूर कुणीही उघडून वाचावा. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं, हे खरं.

नरहरींना मतं फार. ती सगळी ते रविवारी सकाळी माझ्यावर टंकत आणि आपल्या ब्लॉगवर टाकत. विजेरीच्या ॲपला आमच्या मेव्हण्याचा नंबर कशाला हवा? साधा बल्ब घेतला तर त्याला आपली जन्मतारीख का सांगायची? फुकटचा पाहुणचार करणारा आधी तुमचं घर बघून ठेवतो. पूर्वी इंटरनेटवर एखाद्या प्रश्नावर माणसं तीन दिवस भांडायची, पण शेवटी उत्तर मिळायचं. आता हसरा चेहरा टाकतात आणि पुढे जातात. पण त्यांचं सगळ्यात लाडकं मत परवानगीबद्दल होतं. ‘मला मान्य आहे’ असं बटण दाबून घेणं म्हणजे परवानगी नव्हे, समोरच्याला कळलं पाहिजे आणि त्याला नाही म्हणता आलं पाहिजे, हे त्यांनी निरनिराळ्या शब्दांत कितीदा लिहिलं असेल त्याला गणती नाही. वाचक होते चौतीस. “त्यांतली एक मी आणि एक माझा भाऊ, तोही भिडेखातर,” असं त्यांच्या पत्नी सुनीती म्हणत.

गावातले लोक रविवारी फोन घेऊन येत. गिरणीवाला भैरू एकदा म्हणाला होता, “सायेब, आमच्या फोनात बगण्यासारखं हाय काय? पीठ आन् गिऱ्हाईक.” त्याला नरहरींनी पाऊण तास समजावलं. भैरूने मान डोलावली, चहा घेतला आणि घरी जाऊन पुन्हा तेच ॲप टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी. पण नरहरी चिडले नाहीत. त्या काळात ते चिडत नसत.

मग वर्षं गेली आणि आम्ही दोघंही थकलो. कंपनीने त्यांना एक चंदेरी, पातळ लॅपटॉप दिला. कळांवरून बोटं किती वेळ उचललेली राहिली, याचीही नोंद तो वरिष्ठांना कळवतो म्हणे. दिवसभर त्याच्यासमोर बसून माणूस घरी आला की त्याला माझं तोंड बघवत नसे. इकडे नवी सॉफ्टवेअर्स दरवर्षी जड होत चालली होती. साधं पत्र लिहायचं, तर तेवढ्यासाठी माझा पंखा घरघरायचा. नाकापेक्षा मोती जड. हळूहळू माझ्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या बसू लागल्या. पडून राहण्याचाही एक थकवा असतो, तो काम केल्याच्या थकव्यापेक्षा वाईट.

तानूबाई आमच्याकडे येऊ लागल्या त्या याच दिवसांत. त्या आणि त्यांचे कारभारी म्हसू यांचं घर ताम्हिणीच्या अलीकडे एका वाडीवर. भाताची कापणी झाली की ते मेंढरं-शेरडं घेऊन खाली उतरत आणि आमच्या शेजारच्या रिकाम्या वावरात जाळी लावून कळप बसवत. वावराला खत मिळे, कळपाला चारा. पालात वीज नव्हती, म्हणून तानूबाई रोज सकाळी आपला फोन आमच्या टेबलावर चार्जिंगला लावत. माझ्या शेजारच्याच खटक्यावर. फोन भरेपर्यंत उंबऱ्याशी बसत आणि सुनीतींशी बोलत. अशी तीन वर्षं गेली. ‘सायेब’चं ‘नरहरीदादा’ झालं, आणि नरहरी त्यांना मावशी म्हणू लागले.

एका रविवारी नरहरींनी सहज विचारलं, मावशी, तुमची मेंढरं एकूण किती?

“हायेत तेवडी हायेत,” तानूबाई म्हणाल्या.

नरहरी हसले आणि पुन्हा विचारू लागले. तेव्हा तानूबाईंनी नीट सांगितलं, की त्यांच्या घरात आकडा कुणाला सांगत नाहीत. सासूने सांगितला नाही, त्यांनी सुनेला सांगितला नाही; सून रोज सकाळी आपली आपण मोजते. “आपलं किती त्ये आपल्यापाशी. इचारणारा कशापायी इचारतोय त्ये आदी बगावं. उगा इचारत आसंल तर त्येला काय करायचंय? आन् उगा न्हाई म्हनला, तर मंग लई जपावं.”

नरहरींना काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं जे चौतीस जणांना पटवता येत नव्हतं ते या बाईने चार वाक्यांत सांगून टाकलं होतं. नरहरींच्या हातात त्यांचा फोन होता आणि पहिल्या प्रश्नापासून त्यांनी तो मावशींच्या रोखाने धरून ठेवला होता. तानूबाईंना वाटलं, दादा काहीतरी वाचतायत.

त्या दिवशी कपड्यांच्या घड्या बाजूला झाल्या. कित्येक महिन्यांनी नरहरींची बोटं माझ्या कळांवर धावली. त्यांनी मावशींवर लेख लिहिला, मनापासून, त्यांच्या बोलण्यातला एक शब्द उणा-अधिक न करता. खाली फोनवर टिपलेली मावशींची चित्रफीत लावली. मीच ती पाठवली, मित्रांनो. माझ्या पंख्याने तेव्हा कुरकूर केली नाही, उलट मला अभिमान वाटला होता. संध्याकाळपर्यंत चौतीसाचे चार हजार झाले. लोकांनी वाहवा केली. नरहरी दोन दिवस शीळ घालत होते.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्या चित्रफितीतला मावशींच्या पहिल्या उत्तराचा तेवढा तुकडा कापला. खाली ढोल लावला, मावशींचे मिश्रीने काळे झालेले दात मोठे करून दाखवले, आणि ‘हायेत तेवडी हायेत’ हे पुन्हा पुन्हा वाजवलं. मग ज्याला त्याला तेच सुचू लागलं. कुणी परीक्षेतल्या मार्कांवर ते लावलं, कुणी पोटाच्या घेरावर. भैरूच्या गिरणीतही ते वाजत होतं.

शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे फिरायला जाणाऱ्या गाड्या आमच्या रस्त्याला वळू लागल्या. मुलं-मुली वावरात उतरून मावशींच्या तोंडापुढे फोन धरत आणि विचारत, आजी, किती हायेत? त्या तोंडावर पदर घेत, तर तेही टिपून घेत. एका रविवारी कुणीतरी कळपावर ड्रोन उडवला आणि वरून सगळी मेंढरं मोजली. आकडा त्यांनी जगजाहीर केला, मी तो सांगणार नाही. त्या घरघरीने कळप बिथरला, जाळी तोडून रस्त्यापर्यंत धावला. एक गाभण मेंढी चेंगरली आणि तिचं कोकरू पोटातच गेलं.

दुसऱ्या दिवशी तानूबाई आल्या त्या फोन लावायला नाही. त्यांची नात वैभवी पौडच्या कॉलेजात जायची, तिने त्यांना सगळं दाखवलं होतं. तिला तिथे मुलं ‘तेवडी’ म्हणून हाक मारत होती. आता ती कॉलेजला जायचं नाही म्हणत होती.

“दादा, ह्ये कुनी टाकलं त्येवडं हुडकून काडा,” तानूबाई म्हणाल्या. “आन् पुसाया सांगा. आमाला कोन हाय दुसरं? तुमास्नी त्यातलं समदं कळतंय.”

नरहरी म्हणाले, “बघतो, मावशी.”

त्यांचा आवाज मी बारा वर्षं ऐकतो आहे, पण असा मी पूर्वी ऐकला नव्हता.

मावशी गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपला लेख काढून टाकला. बैल गेला नि झोपा केला. मग पुढचे दोन दिवस रजा टाकून ते माझ्यासमोर बसले. सापडेल तिथे तक्रार केली, अर्ज भरले, अनोळखी पोरांना हात जोडून लिहिलं. काहींनी काढलं. एकाने त्यांच्या विनवणीवरच नवा विनोद केला. मोठ्या कंपन्यांकडून उत्तरं आली, ती यंत्राने लिहिलेली होती: आम्ही तपासलं, यात आमच्या नियमांचा भंग दिसत नाही. एक पुसलं की दोन उगवत होती. नरहरींना हे आधीपासून ठाऊक होतं, त्यावर त्यांनी सहा लेख लिहिले होते.

तिसऱ्या सकाळी तानूबाई तांब्याभर शेळीचं दूध घेऊन आल्या. दादा आमच्यासाठी जागेवरून हलले नाहीत, असं वैभवी सांगत होती म्हणे. तांब्या टेबलावर ठेवल्याचा आवाज मला आला. त्या वावरात परत गेल्या.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” सुनीती हळू आवाजात म्हणाल्या. पुढचं त्यांनी म्हटलं नाही. नंतर त्या म्हणाल्या, “अहो, हे दूध मी तापवणार नाही. आधी तुम्ही त्यांना सांगा. नाहीतर मी सांगते.”

नरहरींनी दारातूनच हाक मारली. मावशी वावरातून परत आल्या.

“मावशी, ती चित्रफीत पहिल्यांदा मी टाकली. ह्याच दारात काढली होती. पुढे लोकांनी त्याचं हे केलं, पण पहिला मीच.”

“तुमी?”

“हो.”

“मंग मला इचारलं का न्हाई?”

या प्रश्नावर माझ्या पोटात दीडशे लेख आहेत. त्यातला एकही त्या वेळी उपयोगी पडला नाही. नरहरी एवढंच म्हणाले, की मी तुमचं चांगलंच लिहिलं होतं.

“चांगलं व्हतं तर मला सांगायचं. मी हितंच बसल्याली व्हते की.”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यांनी कनवटीचा फोन काढून नरहरींसमोर धरला आणि सांगितलं, की ह्यातलं कधी कुठं जाईल त्याचा आता भरवसा नाही, माझं तोंड जिथं जिथं आहे तिथलं पुसून द्या, मला ते येत नाही.

मित्रांनो, सगळे फोटो एकदम निवडून एका बोटाने पुसता येतात. नरहरींइतकं ते कुणाला ठाऊक असणार? पण त्यांनी तसं केलं नाही. एकेक फोटो उघडून ते मावशींपुढे धरत होते आणि विचारत होते, पुसू? मावशी म्हणत, पुसा. पुसू? पुसा. अर्धा तास घरात हे दोनच शब्द होते. एका फोटोपाशी मावशी थांबल्या. म्हसूने नुकतंच जन्मलेलं कोकरू मुंडाशात गुंडाळून धरलंय आणि मागे त्या हसतायत, असं काही होतं म्हणे.

“ह्यो ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या.

“ठेवतो,” नरहरी म्हणाले आणि त्यांनी पुढचा फोटो उघडला.

दूध मावशी परत घेऊन गेल्या. चारच दिवसांत त्यांनी कळप उठवला, नेहमीपेक्षा महिनाभर आधी. वावरवाल्याला म्हसूने चारा संपला असं सांगितलं. चारा संपला नव्हता. गळ्यातल्या घंटा खिडकीखालून लांब गेल्या तेव्हा नरहरी माझ्यासमोर बसले होते, आणि मी नुसता घरघरत होतो. वैभवी पुढे कॉलेजला जाऊ लागली, असं सुनीतींना बाजारात कळलं. त्यानंतर वर्षभर नरहरींनी एकही लेख लिहिला नाही.

यंदा दिवाळी झाली, भात कापून झालं, पण वावर रिकामंच राहिलं. गेल्या आठवड्यात मुंबईच्या एका मासिकाचं पत्र आलं. तुमचा काढून टाकलेला तो लेख आमच्याकडे जपून ठेवलेला आहे, छापू का, उत्तम आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. नरहरींनी ते तीनदा वाचलं. रविवारी सकाळी ते पौडच्या स्थानकावर गेले, तिथून ताम्हिणीकडची एसटी धरली आणि उरलेली वाट चालत वाडीवर गेले. घरी यायला त्यांना संध्याकाळ झाली.

“काय म्हणाल्या?” सुनीतींनी विचारलं.

“नाही म्हणाल्या.”

“आणि?”

“आणि चहा दिला.”

मग त्यांनी मला सुरू केलं आणि मासिकाला एका ओळीचं उत्तर लिहिलं: त्या नाही म्हणाल्या आहेत. मी ते पाठवलं. किती दिवसांनी त्यांची बोटं मला जड वाटली नाहीत.

आता माझे फार दिवस राहिलेले नाहीत. कधीतरी मी भंगारात जाईन. माझ्यावरची धूळ पुसा, मला जपून उघडा, असा हट्ट धरायचं माझं वयही नाही, आणि खरं सांगायचं तर उत्साहही नाही. एवढंच मागतो, मित्रांनो. कुणाचा चेहरा, कुणाचं बोलणं माझ्यासारख्याच्या पोटात घालण्याआधी त्या माणसाच्या दारापर्यंत एकदा जाऊन या. नाही म्हणाले, तर चहा पिऊन परत या.