कर्ण्याला उशिरा लागलेलं काम

मी कानाला लावायचा कर्णा बोलतोय. जन्माने म्हशीचं शिंग. जावा बेटावरच्या सोलो शहरात, बाजारातल्या एका कारागिराने मला पोखरून, घासूनपुसून घडवलं आणि पार्जो न्हाव्याने विकत घेतलं. त्याचे कान तेव्हा भलतेच तिखट होते.

काळ लढाईचा. डच फौज शहरात घुसलेली, आमची माणसं डोंगरात. पार्जोने डचांच्या छावणीसमोर वडाखाली खुर्ची मांडली आणि त्याच दिवशी तो ठार बहिरा झाला. पूर्वी एका डच कुटुंबाकडे तो वाढपी होता, त्यामुळे त्यांची भाषा त्याला कळे. दाढी करून घेताना साहेब लोक पुढचा छापा कुठे घालायचा ते खुशाल बोलत. पार्जो मला कानाला लावून विचारी, "मिशी ठेवू ना, साहेब?" साहेब असा ओरडे की मला तडा जाईल असं वाटे. संध्याकाळपर्यंत बातमी डोंगरात.

पण बहिऱ्यासमोर फक्त शत्रूच बोलतो थोडाच? सगळा बाजार त्याच्यापुढे मन मोकळं करायचा. शेजारी जामूचा काढा विकणारी सुमिनाह तर गिऱ्हाईक नसलं की त्याच्याकडेच तोंड करून बसे.

"नाक फणसासारखं आहे मेल्याचं," ती म्हणायची, "पण हात किती हलका. ऐकू येत असतं तर लग्नच केलं असतं."

पार्जो वस्तऱ्याला धार लावत राही. कानाच्या पाळ्या मात्र लाल होत.

डच गेले. वस्तीच्या मुखियाने चौकात पार्जोचा सत्कार ठेवला. "हा बहिरा नव्हताच," तो अभिमानाने म्हणाला. "दोन वितींवरून याने सगळ्यांचा शब्द न् शब्द ऐकलाय." टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. आपण याच्यासमोर काय काय बोललो, ते जो तो आठवू लागला. मुखियाच्या मेहुण्याने तर हळूच काढता पाय घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस खुर्चीवर कुणी बसेना.

सुमिनाहने टोपली उचलून बाजाराचं दुसरं टोक गाठलं. पार्जो मागोमाग गेला.

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"नाकाचंसुद्धा?"

"तेही. आणि लग्नाचंही."

"मग मूग गिळून का बसलास?"

"उत्तर दिलं असतं तर डचांनी लटकवलं असतं."

ती काढा ढवळू लागली. मग म्हणाली, "आता कोणी लटकवत नाही. दे उत्तर."

त्यांचा संसार सुखाचा झाला. मी भिंतीवर खुंटीला. पण म्हातारपणी पार्जो खरोखरच बहिरा झाला, आणि ते कुणी मानेना. मला कानाला लावलं की बाजार हसे. "पुरे करा काका, डच केव्हाच गेले." घरी तर त्याहून वाईट. "काम सांगितलं की बरा याला बहिरेपणा येतो," सुमिनाह म्हणे. त्याने शपथ घेतली, तर ती म्हणाली, "नाटकं तुझी मला नवी नाहीत."

एका दुपारी तो ओसरीवर बसला होता. ती ताटली घेऊन मागे आली आणि हळूच म्हणाली, "टेंपे तळलेत. गरम आहेत."

सोयाबीनच्या या गरम वड्यांसाठी हा माणूस झोपेतून उठायचा. तो हलला नाही.

ती पुढे आली. मग त्याच्याजवळ बसली, मला उचलून त्याच्या कानाला लावलं आणि तेच पुन्हा सांगितलं, सावकाश.

"मग आधी नाही का सांगायचं?" पार्जो म्हणाला, आणि ताटली ओढून घेतली. तिला पटलं होतं.

बाजाराला अजून पटलेलं नाही. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर त्याची थट्टा करू नका आणि ओरडूही नका. जवळ येऊन, माझ्यात बोला. ऐन उमेदीत मी नुसता शोभेला होतो हो. कामाला आत्ता कुठे लागलोय.